टिटवीची नोट आणि आबासाहेबांचं कवठ

एका जंगलात, मुलांनो, एक सिंह राज्य करत होता. त्याला भूक फार होती आणि त्याचा पंजा फार सुबक होता. या दोन गोष्टींमुळे त्या जंगलात नोट जन्माला आली.

नोट म्हणजे पळसाचं एक पान. त्यावर राजाचा पंजा उमटवलेला असे आणि खाली लिहिलेलं असे, 'हे पान जवळ बाळगणाऱ्याला मी आज खाणार नाही.'

एवढंच. उद्याचं काही लिहिलेलं नसे. पण आज खाल्लं जाणार नाही, ही काही लहान गोष्ट नाही. त्यामुळे सगळे प्राणी नोटा जपत. नोट देऊन मध मिळे, झाडावरची जागा मिळे, माकडं पाठ खाजवून देत. आता तुमच्यातला एखादा विचारेल, की त्यापेक्षा राजाने प्राण्यांना खाणंच का बंद केलं नाही? त्याने खाली बसावं. गोष्ट आत्ता कुठे सुरू होतेय.

त्या जंगलात सगुणा नावाची एक टिटवी राहत होती. टिटवी घरटं बांधत नाही. ती माळावर चार खडे बाजूला सारते आणि तिथेच अंडी घालते. अंडीही खड्यांसारखीच दिसतात. हुशारी म्हणायची तर हुशारी, गरिबी म्हणायची तर गरिबी. सगुणाची चार अंडी नदीकाठच्या माळावर होती. आणि दर वर्षी जत्रा संपली, की त्याच माळावरून गव्यांचा कळप नदीवर जाई.

गवे वाईट नसतात. ते फक्त खाली बघत नाहीत.

"आम्ही पुढे बघतो," त्यांचा म्होरक्या छाती काढून सांगे. "खाली बघणं आमच्या रक्तात नाही."

गवा एकाच गोष्टीला दबकतो, ती म्हणजे साळिंदराचा काटा. एकदा नाकात घुसला, की पुढचं बघणंही बंद होतं. म्हणून सगुणा साळिंदरकाकांकडे गेली. काका स्वतःच्या अंगावरचे काटे रोवून कुंपण घालून देत. दर एक नोट, तीही आगाऊ.

"काका, पिल्लं बाहेर आली की देते ना."

"पिल्लं बाहेर येणं कुंपणावर आहे, बाई, आणि कुंपण नोटेवर. मी तरी काय करू? काटा उपटला की मलाही दुखतं."

मग सगुणाने हंगामभर सशांच्या वस्तीची राखण केली. कोल्हा दिसला की ओरडायचं, हे काम. एकही ससा गेला नाही. सशांनी सभा घेतली, झोपमोड केल्याबद्दल सगुणाच्या निषेधाचा ठराव केला आणि मग तिला एक नोट दिली.

नोट पंखाखाली धरून सगुणा धावत काकांच्या बिळाशी आली. बिळात कुणी नव्हतं. जत्रेचा शेवटचा दिवस होता. काका जादूचे प्रयोग बघायला गेले होते.

सगुणा जत्रेत गेली. काका पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्या दोन्ही बाजूच्या जागा रिकाम्या होत्या. साळिंदराच्या शेजारी कोण बसणार? सगुणा बसली.

"काका, ही घ्या नोट. आत्ताच चला."

"श्श! खेळ रंगात आलाय. संपला की निघू."

"गवे संध्याकाळी येतात."

"मग अजून दुपार आहे की. बस गप."

सगुणा गप बसली. पण नोट तिच्या चोचीत राहिली, आणि जादूगाराच्या नजरेला ती पडली.

जादूगाराचं नाव प्रोफेसर उदमांजरे. जातीने उदमांजर. अंगावर ठिपके, शेपटीवर पट्टे, आणि गळ्यात रानमोगऱ्याची सुकलेली माळ. त्याचा एक खेळ साऱ्या रानात गाजलेला होता. तो प्रेक्षकांतून कुणाची तरी नोट मागून घेई. तिच्यावर मालकाकडून खूण करून घेई. मग सर्वांदेखत ती जाळून टाकी. मग कपाळावर पंजा मारून म्हणे, "अरे देवा! मंत्रच विसरलो की!" नोटेचा मालक बोंब मारी आणि बाकीचे पोट धरधरून हसत. शेवटी प्रोफेसर टेबलावरचं कवठ उचली, दगडावर आपटी, आणि आतून तीच खुणेची नोट काढून मालकाला देई.

युक्ती सोपी होती. जळायचं ते साधं पळसाचं पान. खरी नोट प्रोफेसर तेवढ्यात कवठाच्या भोकातून आत सरकवी आणि भोक मेणाने बुजवी. आजवर त्याने एकाही प्राण्याची नोट बुडवली नव्हती. त्यामुळेच तो गरीब होता.

"ताई, नाव काय आपलं?" प्रोफेसरने विचारलं.

"सगुणा. ही नोट द्यायची नाहीये."

"असं सगळेच म्हणतात! सगुणाताई, मालक काय करतात?"

"पाय वर करून झोपतात. आभाळ पडेल म्हणतात."

सगळी जत्रा हसून लोळली. "दे की गं नोट!" मागून अस्वल ओरडलं. "तुझ्या मालकांनी आभाळ धरलंय, तुला एक पान सोडवत नाही होय?"

"लगेच परत देतो, ताई," प्रोफेसर हळूच म्हणाला. "आईशप्पथ."

आईची शपथ सगुणाला नाकारता आली नाही. ती स्वतः आई होणार होती. तिने नोटेवर चोचीने चार टोचे मारले, चार अंड्यांचे चार, आणि नोट दिली.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. खरी नोट कवठात गेली. मेण लागलं. साधं पान पेटलं. प्रोफेसर जळतं पान दोन्ही पंज्यांत नाचवत होता, आणि नेमक्या त्याच वेळी सूत्रसंचालक पोपटराव माईकच्या पडवळाकडे झेपावले.

"थांबा! थांबा! खेळ थांबवा! ज्यांची आपण सकाळपासून चातकासारखी वाट पाहत होतो, ते आपल्या सर्वांचे लाडके, माननीय आबासाहेब यांचं आगमन झालेलं आहे!"

आबासाहेब म्हणजे हत्ती. जंगलातल्या प्रत्येक कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणे तेच असत. आणि त्या जंगलाची रीत अशी होती, की प्रमुख पाहुणे आले की जे चाललं असेल ते थांबवून आधी सत्कार करायचा. मागे एका करकोच्याच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना आबासाहेब आले होते. सत्कार झाला, भाषण झालं, सगळे जेवले आणि घरी गेले. तो अंतरपाट अजून धरलेलाच आहे.

सत्काराला शाल लागते आणि श्रीफळ लागतं. शाल म्हणून केळीचं पान होतं. श्रीफळ मात्र नव्हतं. ते सांभाळायला संयोजक माकडांकडे दिलं होतं, आणि आत पाणी आहे की नाही हे माकडांनी खात्रीपूर्वक तपासलं होतं.

पोपटरावांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांना टेबलावर कवठ दिसलं. गोल, कठीण, बाहेरून बऱ्यापैकी श्रीफळासारखं.

"अहो, ते नको!" प्रोफेसर ओरडला. त्याच्या पंज्यांत पान पेटलेलं होतं. "पोपटराव, ते खेळातलं आहे!"

"प्रोफेसर, कलावंताने मन मोठं ठेवावं," पोपटराव पडवळात म्हणाले आणि कवठ आबासाहेबांच्या सोंडेवर ठेवलं.

आबासाहेबांनी ते कपाळाला लावलं, तोंडात टाकलं आणि गिळलं.

मग ते म्हणाले, "मी फक्त दोन शब्द बोलणार आहे." ते दोन शब्द संपले तेव्हा सावल्या हातभर लांब झाल्या होत्या.

"हं, प्रोफेसर," पोपटराव म्हणाले, "आता उरकून घ्या तुमचं."

प्रोफेसरने रिकाम्या टेबलाकडे पाहिलं. आबासाहेबांच्या पोटाकडे पाहिलं. कपाळावर पंजा मारला आणि तो म्हणाला, "अरे देवा!"

प्रेक्षक हसले. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं.

"हसू नका! खरंच गेली! नोट आबासाहेबांच्या पोटात आहे!"

मग असा हशा पिकला, की वडावरची वटवाघळं उलटी होती ती सुलटी झाली. आबासाहेबही हसले. त्यांचं पोट हललं. पोटातलं कवठही हललं असेल आणि कवठातली नोटही. पण ते बाहेरून कसं दिसणार?

"माझी नोट!" सगुणा किंचाळली. "माझी नोट गेली! माझी अंडी जातील!"

"वा! काय काम करते बाई!" मागून मुंगूस म्हणालं. "अंड्यांचं नवीन टाकलंय वाटतं यंदा."

"त्याचीच माणसं असतात ही," अस्वलाने सगळ्यांना सांगितलं. "गेल्या जत्रेतही हीच होती."

"मी नव्हते हो!"

"बघा. हेसुद्धा शिकवलंय."

सगुणा जितकी रडली तितका खेळ रंगला. प्रोफेसर जितका खरं बोलला तितक्या टाळ्या पडल्या. शेवटी तो मटकन खाली बसला. त्यालाही टाळ्या पडल्या.

सगुणा काकांकडे वळली. "काका, पाहिलंत ना तुम्ही? नोट होती ना माझ्याकडे? कुंपण घाला आता."

"होती हे खरं," काका डोळे पुसत म्हणाले. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "पण होती ती नोट मी कुठे ठेवू?"

मग सगुणाने आबासाहेबांना गाठलं.

"आबासाहेब, माझी नोट तुमच्या पोटात आहे."

"बाई, माझ्या पोटात बऱ्याच जणांचं बरंच काही आहे. तुमचं नेमकं कुठलं?"

"ते कवठ."

"ते सत्काराचं होतं. सत्कार कुणी परत मागतं का? लोक काय म्हणतील?"

"पण गवे येतील हो आज! अंडी तुडवतील!"

आबासाहेबांचं मन द्रवलं. गर्दी बघत असली की ते नेहमी द्रवे. त्यांनी सोंड उंचावली. "गव्यांना सांगा, आजचा दिवस डोंगरापलीकडच्या पाणवठ्यावर जा. उद्याचं उद्या पाहू. आणि या भगिनीची नोट तिला सन्मानाने परत मिळेल. जशी गेली तशी नाही, पण मिळेल. निसर्गनियमाने."

पोपटरावांनी लगेच घोषणा केली, "उद्या सकाळी, आबासाहेबांच्या सवडीने, नोटपरतीचा भव्य सोहळा!"

मुलांनो, इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. हत्तीने कवठ गिळलं, की ते पुढे अख्खंच्या अख्खं बाहेर पडतं, पण आत काहीच उरलेलं नसतं, असं आपली जुनी माणसं सांगत आली आहेत. त्या जंगलातही ते सगळ्यांना पाठ होतं. शाळेत पहिल्याच धड्यात होतं. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येई आणि सगळे पास होत.

"धडा आठवतोय ना?" एका म्हाताऱ्या वानराने दुसऱ्याला विचारलं.

"आठवतोय की. 'हत्तीच्या पोटात गेलेले कवठ...'"

"मग उद्या जायचं?"

"न जाऊन कसं चालेल? जागा धरायला पोरांना आत्ताच पाठवलंय."

सकाळी सगळं रान आबासाहेबांच्या मागे उभं होतं. म्हणजे अक्षरशः मागे. तोंडाच्या बाजूला कुणीच नव्हतं, त्यामुळे आबासाहेबांना थोडं एकटं वाटलं. निकाल पारखायला शेणकिड्यांची समिती नेमली होती. त्या विषयात त्यांच्याइतका अभ्यास कुणाचाच नव्हता. आजवर ती समिती कुणाच्याही विरोधात गेली नव्हती, कारण पोट भरेल असं काही ना काही तिला प्रत्येक प्रकरणात मिळालं होतं.

पोपटराव धावतं वर्णन करत होते. "आबासाहेब आता पाय थोडे फाकवत आहेत... वातावरणात एक प्रकारची... होय... शांतता राखा... आलं! आलं!"

कवठ बाहेर आलं. गोल, अखंड. समितीने ते तीनदा पालथं-उताणं केलं आणि निकाल दिला, "कवठ शाबूत आहे. सबब कुणाचंही नुकसान झालेलं नाही." उरलेला ढीग समितीच्या सभासदांनी गोळे करून मानधन म्हणून घरी नेला. पुरावा मागायला कुणी जाणार नव्हतंच.

"फोडा ना ते," सगुणा म्हणाली.

"बाई, एवढा अख्खा चमत्कार, आणि फोडायचा?" पोपटरावांनी कवठ पंखाआड घेतलं.

"माझी नोट आहे त्यात!"

प्रोफेसर पुढे झाला. तो काल रात्री जेवला नव्हता. त्याने नखाने मेणाचं भोक मोकळं केलं, डोळा लावून आत पाहिलं, कवठ उलटं करून हलवलं. आतून काहीही पडलं नाही. वाससुद्धा नाही.

"रिकामं आहे," तो म्हणाला. "ताई, तुमची नोट गेली. मी तुमचा गुन्हेगार आहे."

आबासाहेबांनी कान फडफडवले. पोपटरावांनी आबासाहेबांकडे पाहिलं, मग कवठाकडे, आणि मग त्यांनी पडवळ तोंडाला लावलं.

"मित्रहो! बंद कवठातून नोट गायब! मंत्र नाही! हात नाहीत! पडदा नाही! फक्त एक पोट!"

रान दणाणलं. मुंगूस रडत होतं. अस्वलाने मिठी मारायला कुणीतरी शोधलं आणि ज्याला मारली तो अजून वैद्याकडे आहे. प्रोफेसरला नोट परत आणता येत असे, यात काय मोठं? आबासाहेबांना ती कायमची घालवता आली होती. त्यांना तिथल्या तिथे 'जादूसम्राट' पदवी देण्यात आली. प्रोफेसरला त्यांचा मदतनीस नेमण्यात आलं. प्रयोगाच्या वेळी आबासाहेबांची शेपटी बाजूला धरायची, एवढंच काम.

त्या जागी स्मारक करायचं ठरलं. मध्ये चौथऱ्यावर रिकामं कवठ आणि भोवती कुंपण. साळिंदरकाकांनी कुंपण फुकट घालून दिलं, तेही दुहेरी. पाठीवर एक काटा ठेवला नाही.

"काका," सगुणा म्हणाली, "यातला निम्मा भाग त्या तिकडे, माझ्या अंड्यांभोवती..."

"ते धंद्याचं, बाई. हे श्रद्धेचं. श्रद्धेला दर नसतो."

दुपारी महाप्रसाद झाला. सगळं रान जिथे होतं तिथे आडवं होऊन घोरू लागलं. आबासाहेबांनी गव्यांना दिलेला एक दिवस संपला होता. संध्याकाळी गवे येणार होते.

सगुणा अंड्यांवर बसून होती. चार अंड्यांवर पंख पसरून टिटवी किती मोठी होणार? ती गव्याच्या खुराएवढीही झाली नाही. तेवढ्यात प्रोफेसर पोटावर सरपटत तिच्याजवळ आला.

"ताई, मला एकच विद्या येते. इथली वस्तू तिथे करायची. आजवर टाळ्यांसाठी केली. एक अंडं द्या. लगेच परत देतो म्हणणार नाही."

सगुणाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पंख उचलला.

मुलांनो, त्या जंगलात एवढी चांगली जादू कधी झाली नाही. घोरणाऱ्या अस्वलाच्या काखेखालून, पोपटरावांच्या चोचीसमोरून प्रोफेसरने चारही अंडी नेली. कवठाच्या आडोशाला, दुहेरी कुंपणाच्या आत चार खडे बाजूला सारून ती ठेवली. कुणी पाहिलं नाही. कुणी टाळी वाजवली नाही.

संध्याकाळी गवे आले. पुढे बघत आले, पुढे बघत गेले. सगुणाच्या जुन्या जागेवर एक खूर असा खोल उमटला, की त्यात नदीचं पाणी साचलं.

सगुणा कुंपणाकडे धावली. तोवर पोपटराव जागे झाले होते.

"चमत्कार! कवठाने अंडी घातली!"

"ती माझी आहेत!"

"पुरावा?"

"बघा ना. खड्यांसारखी दिसतात. टिटवीची अशीच असतात."

"म्हणजे खडेही असू शकतात," पोपटराव म्हणाले. "बाई, काल तुमची नोट गेली, आज अंडी तुमची. रोज काहीतरी तुमचंच कसं असतं हो?"

गर्दीला हे पटलं. कवठ आबासाहेबांचं, तेव्हा अंडीही आबासाहेबांचीच, असं ठरलं. आबासाहेब जरा चाचरले. ते कधी नव्हे ते खरं बोलले. "पण हत्ती अंडी घालत नाही."

"साधे हत्ती घालत नाहीत," पोपटराव म्हणाले.

आबासाहेबांनी यावर विचार केला आणि त्यांना ते योग्य वाटलं. ते अंडी उबवायला स्वतः बसायलाही निघाले. सगळ्या रानाने हात जोडून त्यांना कसंबसं थांबवलं. मग उबवणाऱ्याची जागा भरायची ठरली. पोपटरावांनी मुलाखती घेतल्या. एकच उमेदवार आली.

"अनुभव?"

"याच अंड्यांवर बसलेय. घातल्यापासून."

"म्हणजे बाहेरचा अनुभव नाही." पोपटरावांनी मान हलवली. "असो. हंगामी घेऊ. पिल्लं निघाली की एक नोट मिळेल. अंड्यांशी घरगुती बोलायचं नाही. त्यांच्यावर संस्कार आम्ही करू."

सगुणाला हसावं की रडावं कळेना. पण अंड्यांना गारवा लागत होता. ती जाऊन बसली. खालचा उबारा तोच होता.

त्या दिवसांत तिने मनाशी एक ठरवलं. टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाली की लगेच चालू लागतात. नोट मिळाली, की त्या दिवशी राजा खाणार नाही. पलीकडच्या जंगलात चालत जायला एकच दिवस लागतो. एक नोट, एक दिवस, चार पिल्लं. तिला बाकी काही नको होतं.

पिल्लं निघाली. काड्यांसारखे पाय, खड्यांचा रंग. पोपटरावांनी त्यांना 'गजपुत्र' म्हणायला सुरुवात केली आणि सोंड उंचावल्यासारखी मान उंचावून चीत्कार करायला शिकवलं. पिल्लांनी 'टिटिव टिटिव' केलं. घसा बसलाय, असं जाहीर करण्यात आलं. सगुणा कुंपणाबाहेरून बघत राहिली. तिची नोकरी उबवण्यापुरतीच होती.

पुढच्या पौर्णिमेला मोठा कार्यक्रम झाला. चारही पिल्लं पहिल्या रांगेत, केळीच्या पानावर. आबासाहेब मंचावर. मागे प्रोफेसर, शेपटी धरून.

"आता आपल्या हंगामी भगिनीला मानधन," पोपटराव म्हणाले. टाळ्या झाल्या. सगुणा मंचावर गेली. आबासाहेबांनी सोंडेने तिला कोरी करकरीत नोट दिली. वर राजाचा पंजा. खाली वचन.

सगुणाने नोट चोचीत घट्ट धरली आणि ती वळली. पिल्लांकडे जायला तिला फक्त मंच उतरायचा होता.

"बाई," आबासाहेब मागून म्हणाले. "जरा ती नोट द्या बरं. एक गंमत दाखवतो. लगेच परत देतो."

सगुणा थांबली. मागे प्रोफेसरने शेपटीआडून मान हलवली. नको, नको.

"दे! दे! दे!" रान गर्जू लागलं. अस्वल उभं राहिलं. साळिंदरकाका पहिल्या रांगेत होते. त्यांना नवे काटे फुटले होते. तेही ओरडत होते.

सगुणाने दिली नाही. ती उभी राहिली. इतका वेळ उभी राहिली, की गर्दीचा आवाज हळूहळू बसला आणि पोपटरावांनाही पडवळात काय बोलावं सुचेना.

मग पहिल्या रांगेतून बारीक आवाज आला. त्यात दुसरा मिसळला, तिसरा, चौथा. चार पिल्लं केळीच्या पानावर उड्या मारत होती.

"द्या ना, बाई! द्या ना! आम्हाला बघायचंय!"

पिल्लं तिला 'बाई' म्हणाली. तसंच शिकवलं होतं.

सगुणाने त्यांच्याकडे पाहिलं. मग सवयीने नोटेवर चोचीने चार टोचे मारले आणि नोट सोंडेवर ठेवली.

आबासाहेबांनी ती कपाळाला लावली आणि गिळली.

पिल्लांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचे पंख अजून फारच लहान होते, त्यामुळे आवाज आला नाही. पण वाजवल्या मनापासून.

तात्पर्य : कवठ शाबूत बाहेर आलं, की कुणाचं काहीही गेलेलं नसतं. तरीही आत काय होतं असं एखाद्याने विचारलंच, तर त्याच्यावर रागावू नये. त्याला आदराने पहिल्या रांगेत बसवावं आणि त्याच्याकडे एक नोट मागावी.